मुंगीच्या पायांची चिप आणि कल्हईचं तंत्र

शेजारची मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी बघून पंप आपोआप चालू-बंद करणारं सर्किट, हा तिचा प्रोजेक्ट. गेल्या आठवड्यात ती बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून चिप घेऊन थेट माझ्याकडे आली. तळहातावर प्लास्टिकची इवलीशी पुडी आणि आत करंगळीच्या नखाएवढा काळा चौकोन. चारही बाजूंना आठ-आठ पाय, मुंगीच्या पायांसारखे.

"काका, दुकानदार म्हणतो हीच ती एटीमेगा३२८पी. लांबट वाली संपलीय म्हणे. पण ही ब्रेडबोर्डमध्ये खोचायची कशी?"

ही ब्रेडबोर्डमध्ये, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचून बघायच्या भोकांच्या पाटीत, खोचता येत नाही. पण हाताने, साध्या सोल्डरिंग आयर्नने बोर्डावर नक्की बसवता येते. टाकीचे कंट्रोलर बनवणं हाच माझा व्यवसाय आहे. एका वेळी तीस बोर्ड, फार तर पन्नास, आणि तेही घरातल्याच एका खोलीत. अशी चिप पहिल्यांदा बघितल्यावर बहुतेक जण "हे मशीनचं काम" म्हणून पुडी बाजूला ठेवतात आणि मला फार वाईट वाटतं. कारण इथे सर्जनसारखा हात लागत नाही. वितळलेलं सोल्डर कसं वागतं, ते कळावं लागतं.

आतली चिप तीच, अंगरखा वेगळा

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये मावणारा छोटा कॉम्प्युटर. हिशेब करणारा मेंदू, थोडी स्मरणशक्ती आणि बाहेरच्या जगाशी बोलायला पाय. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, रिक्षाचा मीटर, सगळ्यांत एखादा तरी असतो. आमच्या एटीमेगा३२८पीमध्ये प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट जागा आहे आणि कामापुरती २ किलोबाइट रॅम. पाण्याच्या टाकीला एवढं पुष्कळ झालं.

सिलिकॉनचा तो तुकडा नाजूक असतो, म्हणून त्याला काळ्या प्लास्टिकचा अंगरखा घालतात. त्याला पॅकेज म्हणतात. जुन्या पद्धतीच्या पॅकेजला, म्हणजे डीआयपीला, गोमेसारखे दोन ओळींत पाय असतात. ते बोर्डाच्या भोकांतून आरपार जातात. दोन पायांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर आणि अठ्ठावीस पायांच्या चिपची लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर. नव्या पद्धतीत चिप बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसते, भोक लागतच नाही. हेच एसएमडी. पुडीतल्या चिपचा काळा भाग ७ बाय ७ मिलिमीटरचा आणि पायांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर. आतलं सिलिकॉन मात्र तेच, आणि डीआयपीसाठी लिहिलेला प्रोग्राम तिच्यात जसाच्या तसा चालतो. उलट बत्तीस पाय असल्यामुळे आवाजासारखे किंवा सेन्सरचे सिग्नल वाचणारे दोन पाय जास्तीचे मिळतात.

०.८ हे तसं प्रशस्त अंतर. एसटीएम३२ घराण्यातल्या अठ्ठेचाळीस पायांच्या चिपमध्ये ते ०.५ मिलिमीटर असतं. म्हणजे क्लचपेन्सिलमध्ये जे बारीक शिसं घालतात, त्याच्या जाडीत एक पाय आणि शेजारची मोकळी जागा दोन्ही बसवायचं.

एवढं बारीक करायचं कारण काय?

कारण पैशाचं आहे आणि जागेचंही. बोर्डात भोक पाडायला वेळ लागतो, शिवाय ते भोक दोन्ही बाजूंची जागा खातं. पृष्ठभागावर बसणारा भाग मशीन उचलतं आणि ठेवतं, मग अख्खा बोर्ड एकदाच भट्टीतून जातो. पाय आखूड असल्यामुळे वेगवान सिग्नलही कमी बिघडतात. ही कल्पना १९६०च्या दशकातली. आयबीएमने सॅटर्न रॉकेटच्या कॉम्प्युटरमध्ये ती वापरली, आणि रोजच्या वस्तूंत ती पसरली १९८०नंतर.

आता निघणाऱ्या बहुतेक नव्या मायक्रोकंट्रोलरना डीआयपीचा अंगरखा मिळतच नाही. रास्पबेरी पायचा आरपी२०४० जानेवारी २०२१मध्ये आला तो फक्त सपाट, बिनपायांच्या रूपात. एसटीएम३२ किंवा वायफायवाली ईएसपी३२ यांनाही डीआयपी नाहीच. फक्त डीआयपीच वापरीन म्हणणाऱ्याला दरवर्षी निवड कमी-कमी होत जाणार.

सोल्डर बरोबर पायावरच कसं बसतं?

लेखातला महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

आमच्या लहानपणी वाड्यात कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून त्यात कोळसा, बाजूला भाता. पितळेचं पातेलं चांगलं तापलं की चिमूटभर नवसागर टाकायचा. भसकन पांढरा धूर निघायचा. मग कथलाची कांडी पातेल्याला टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचा. बघता बघता काळपट पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. नवसागर नसता तर कथलाचा गोळा होऊन तो पातेल्यात नुसताच गडगडला असता. तापलेल्या तांब्या-पितळेवर हवेमुळे मळाचा थर चढतो आणि कथील मळाला धरत नाही. नवसागर तो मळ खातो.

सोल्डरिंग म्हणजे हीच कल्हई, लहान प्रमाणात. सोल्डरमध्येही कथीलच असतं. आपल्याकडे वापरात असलेल्या ६३-३७ तारेत ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असतं, आणि ती १८३ अंशांना वितळते. नवसागराचं काम इथे फ्लक्स करतो, म्हणजे राळेपासून बनवलेला चिकट पदार्थ. बोर्डाच्या तांब्यावर कंपनीने आधीच पातळ कल्हई चढवलेली असते.

आता दुसरी बाजू. बोर्डाचा हिरवा रंग शोभेचा नाही. तो सोल्डरला न धरणारा थर आहे. अळूच्या पानावर पाणी टाका, ते पसरत नाही, मोती होऊन घरंगळतं. हिरव्या थरावर वितळलेलं सोल्डर तसंच वागतं. तांब्याला मात्र ते मिठी मारतं. म्हणजे दोन पायांमध्ये अळूचं पान आणि पायाखाली कल्हईचं पातेलं. सोल्डर कुठे जाईल, हे आपण हाताने ठरवायचंच नाही. फ्लक्स जिवंत असेल आणि सोल्डर बेताचं असेल, तर ते आपण होऊन पायापाशी गोळा होतं.

नवशिक्याचं चुकतं ते इथे. तो प्रत्येक पायाला स्वतंत्र टाका घालायला जातो, फ्लक्स वापरत नाही, सोल्डरच्या तारेच्या पोटात होता तेवढा फ्लक्सही तिसऱ्या टेकवणीला जळून जातो. मग सोल्डर ओढाळ होतं, तार सुटते, चार पाय एकमेकांना चिकटतात. दोष हाताला दिला जातो. खरं तर नवसागर संपलेला असतो.

दुकानात एक घोळ नेहमी होतो. "सोल्डरिंग पेस्ट" मागितली की डबीत मिळतो तो फ्लक्स. "सोल्डर पेस्ट" म्हणजे फ्लक्समध्ये कालवलेली सोल्डरची पूड, ती राखाडी रंगाची आणि सिरिंजमध्ये किंवा बरणीत येते. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत. पत्र्याच्या कामाचा आम्लाचा फ्लक्स तर बोर्डाला लावूच नका, महिन्याभरात तांब्याचे ट्रॅक हिरवे पडतात. मोबाइल दुरुस्तीवाले सिरिंजमधला जेलसारखा फ्लक्स वापरतात, तो उत्तम.

प्रत्यक्ष बसवताना

तिच्यासाठी बोर्ड तोवर बनवून आला होता. मी नुसता शेजारी बसलो, आयर्न तिच्याच हातात दिलं.

बत्तीसच्या बत्तीस जागांवर फ्लक्सची रेघ ओढली. चिमट्याने चिप ठेवली. चिपच्या कोपऱ्यात एक बारीक खळगा असतो, तो पहिल्या पायाची खूण. बोर्डावरच्या ठिपक्याशी तो जुळवला. मग टोकाला कणभर सोल्डर घेऊन फक्त एका कोपऱ्याचा पाय टेकवला. भिंगातून चारही बाजू पाहिल्या. उजवीकडचे पाय अर्ध्या जागेने सरकले होते. तो एक टाका पुन्हा वितळवला, चिप चिमट्याने हलकेच फिरवली. दुसऱ्या खेपेला बसली. मग समोरचा तिरपा कोपरा टेकवला. हा टप्पा झाला की चिप हलत नाही. घाई करायची नाही ती एवढ्यापुरतीच.

पुढे पुन्हा फ्लक्स, भरपूर. आयर्न ३३० ते ३५० अंशांच्या आसपास. टोक सुईसारखं नको, चाकूसारखं किंवा तिरकं कापलेलं हवं. सुईच्या टोकातून उष्णता नीट उतरत नाही. टोकावर सोल्डरचा छोटा थेंब घेऊन पायांच्या ओळीवरून सावकाश ओढत न्यायचा, सारवताना हात फिरतो तसा. थेंब पुढे जातो आणि मागे प्रत्येक पायाशी आपला वाटा ठेवून जातो. तिच्या पहिल्याच ओळीला सहा पाय चकचकीत निघाले आणि शेवटचे दोन जुळले. ओळीच्या शेवटी हे होतंच, उरलेल्या सोल्डरला पुढे जागा नसते. टोक ओल्या स्पंजवर पुसून, पुन्हा फ्लक्स लावून तिने ते बाहेरच्या दिशेला ओढलं. एक सुटला. दुसऱ्यासाठी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी, म्हणजे विक, ठेवून वरून आयर्न टेकवलं. पट्टीने जास्तीचं सोल्डर पिऊन टाकलं, वातीने तेल ओढावं तसं.

शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. आयर्न गार झाल्यावर, कारण अल्कोहोल पेट घेतं. खिडकी उघडी ठेवायची आणि काम संपलं की हात साबणाने धुवायचे. तारेत शिसं आहे.

"माझा हात थरथरतो, डोळ्यांना दिसत नाही"

हात सगळ्यांचाच थरथरतो. मनगटं टेबलावर टेकवा, म्हणजे फक्त बोटं हलतात. डोळ्यांसाठी डोक्याला लावायचं भिंग घ्या, किंवा मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. माझ्या जवळच्या नजरेला चष्मा लागून बरीच वर्षं झाली. पहिल्या सरावाला महागडी चिप नको. भंगारातला एखादा बोर्ड घ्या, त्यावरची चिप काढा आणि तीच परत बसवा.

पैसे खर्च करायचेच असतील तर तापमान राखणाऱ्या आयर्नवर करा. पंचवीस वॉटचं स्वस्त आयर्न मोकळं असताना फार तापतं आणि टेकवलं की गार पडतं. हाताला दोष द्यायच्या आधी ते बदलून बघा.

सॉकेट नाही, मग प्रोग्राम घालायचा कसा?

डीआयपीची सवय असलेल्यांचा हा खरा आक्षेप, आणि तो रास्त आहे. सॉकेटमधली चिप काढायची, प्रोग्रामरमध्ये, म्हणजे प्रोग्राम भरणाऱ्या यंत्रात लावायची, परत आणायची, हे इथे शक्य नाही. म्हणून उलट करायचं, प्रोग्रामरच चिपपाशी न्यायचा.

एटीमेगाला सहा तारा लागतात: दोन माहितीच्या, एक तालाची, एक रीसेटची, आणि पॉवर व ग्राउंड. एसटीएम३२ला पॉवर सोडली तर दोन तारा आणि ग्राउंड एवढ्यावर भागतं. बोर्ड आखतानाच या तारांसाठी उघडे गोल ठिपके ठेवा. स्प्रिंगच्या पिना त्यांवर दाबल्या की प्रोग्राम जातो, कनेक्टर कायमचा लावायची गरज नाही. मी अशा सहा पिना ॲक्रिलिकच्या तुकड्यात बसवून त्याला कपड्यांचा चिमटा जोडलाय.

हे ठिपके विसरलात तर चिप कितीही सुबक बसली असली तरी बोर्ड वाया. आणि चिपच्या प्रत्येक पॉवरच्या पायाशेजारी १०४ छापाचा, म्हणजे १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर अगदी खेटून ठेवा. चिपला मध्येच एकदम जास्त करंट लागतो. लांबच्या पॉवर सप्लायकडून तो वेळेवर पोहोचत नाही. घरात पाणी दिवसभर नळाला नसतं म्हणून हाताशी कळशी भरून ठेवतो, तो कपॅसिटर म्हणजे ती कळशी.

पाय दिसतच नाहीत, अशा चिपचं काय?

क्यूएफएन नावाच्या पॅकेजला पाय बाहेर येतच नाहीत, पोटाखाली तांब्याच्या चकत्या असतात. आरपी२०४० अशीच आहे: ७ बाय ७ मिलिमीटर, ५६ जोड, अंतर ०.४. पोटाच्या मध्यभागी एक मोठी चकती आहे आणि या चिपला ग्राउंड तेवढ्या एकाच ठिकाणाहून मिळतं. ती चकती टेकली नाही तर कडेचे छप्पन्न जोड बिनचूक असूनही चिप मुकी राहते. आयर्न तिथे पोहोचत नाही. गरम हवेचा ब्लोअर किंवा खालून तापवणारी तवी लागते.

इथे पुन्हा अळूचं पान मदतीला येतं. जागांवर सोल्डर पेस्ट लावून चिप अंदाजे ठेवायची आणि तापवायचं. पेस्ट आधी राखाडी, मग एका क्षणी एकदम चकाकते. त्या क्षणी चिप स्वतःच किंचित हलून जागेवर बसते, कारण सगळ्या चकत्यांवरचं सोल्डर तिला मध्याकडे ओढतं. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तीनदा तापवून तीनदा बघितलं होतं. एक पथ्य पाळायचं: मधल्या चकतीवर पेस्ट कमी. जास्त झाली तर चिप तिच्यावर तरंगते आणि कडेचे जोड अधांतरी राहतात.

तरी सुरुवातीलाच क्यूएफएन घ्या असं मी म्हणणार नाही. आरपी२०४० आधीच बसवलेल्या पिको बोर्डाच्या किंवा तशाच ईएसपी३२ मॉड्यूलच्या कडेला अर्धगोल खाचा असतात. ते अख्खं मॉड्यूलच आपल्या बोर्डावर आयर्नने चिकटवता येतं. वायफाय हवं असेल तर मी आजही हेच करतो.

चाळीस-पन्नास बोर्ड करायचे असतील तर

इतक्या संख्येला आयर्न सोडून पेस्टकडे वळावं. बोर्डासोबत स्टीलचा पातळ पत्रा, म्हणजे स्टेन्सिल, मागवायचा. तो बोर्डावर धरून जुन्या एटीएम कार्डने पेस्ट एका फटक्यात पसरायची, रांगोळीच्या छापासारखी. मग भाग ठेवायचे आणि तापवायचं. पेस्ट फ्रिजमध्ये टिकते, पण खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या बंद डब्यात ठेवा. तापवायला वापरलेल्या ओव्हनमध्ये पुन्हा अन्न शिजवायचं नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा.

दोन वर्षांपूर्वी मी चाळीस बोर्ड बाहेरून मशीनवर जोडून घेतले. दिसायला एकसारखे सुंदर. पहिला पॉवर सप्लायला लावला, ५० मिलिअँपिअरची मर्यादा ठेवून. काटा तडक मर्यादेला जाऊन भिडला. चिप भिंगाखाली धरली तर खळगा भलत्याच कोपऱ्यात. चाळीसच्या चाळीस चिपा नव्वद अंशांनी फिरलेल्या. माझ्या आराखड्यात पहिल्या पायाचा ठिपका चिपच्या पोटाखाली गेला होता. जोडणाऱ्याला तो दिसणारच नव्हता. फाइलमधल्या दिशेवर विसंबून त्याने काम केलं आणि दिशा मी चुकीची दिली होती. पॉवर एकाच बोर्डाला दिली होती म्हणून एकोणचाळीस चिपा शाबूत होत्या. ब्लोअरने त्या एकेक काढून परत बसवायला दोन रात्री गेल्या. तेव्हापासून ठिपका चिपच्या हद्दीबाहेर आणि चांगला ठळक असतो. एखादी खेप बाहेर द्यायची तर एक बोर्ड स्वतःच्या हाताने बसवतो आणि नमुना म्हणून सोबत पाठवतो.

आपल्या हवेची एक गोष्ट परदेशी लेखांत फारशी येत नाही. चिपचं प्लास्टिक हवेतली ओल शोषतं. भट्टीत २४० अंशांना त्या ओलीची वाफ होते आणि ज्वारीची लाही फुटावी तसं प्लास्टिक आतून तडकतं. म्हणून चिपा सीलबंद पाकिटात येतात आणि पाकिटावर मुदत असते. ओल सोसण्याच्या तिसऱ्या श्रेणीच्या चिपेला पाकीट फोडल्यावर १६८ तास मिळतात, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. जुलैत कोकणात ६० टक्के आर्द्रता मिळते कुठे? उरलेल्या चिपा सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवा. ओल लागल्याचा संशय असेल तर भट्टीत घालण्याआधी कंपनीच्या सूचनेप्रमाणे सुकवा. आयर्नने पाय जोडताना पोट इतकं तापत नाही, म्हणून तिथे हा धोका कमी.

मग दुरुस्तीचं काय?

"एसएमडी म्हणजे वापरा आणि फेका" हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकतो. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत उभं राहून बघा. पोटाखाली गोळ्या असलेल्या चिपा तिथली मुलं ब्लोअरने काढून परत बसवतात. दुरुस्ती थांबते ती आराखडा मिळत नाही आणि सुटा भाग मिळत नाही म्हणून.

भाग न मिळण्याचा अनुभव २०२० ते २०२२मध्ये जगाने घेतला. कोविडात गाड्यांच्या कंपन्यांनी मागण्या रद्द केल्या आणि मग सगळ्या एकदम परत आल्या. फेब्रुवारी २०२१च्या थंडीने टेक्सासमधले कारखाने बंद पडले, मार्चमध्ये जपानमध्ये रेनेसासच्या नाका कारखान्याला आग लागली. माझ्यासारख्या पन्नासवाल्याला रांगेत कोण विचारणार? त्या काळात तगले ते, ज्यांच्या बोर्डावर दुसरी चिप बसू शकत होती. म्हणून आता मी पायांची मांडणी सारखी असलेल्या चिपांचं घराणं निवडतो, आणि ग्राहकाला बोर्डासोबत आराखड्याचा कागदही देतो. उद्या मी नसलो तरी त्याच्या गावातला कुणी तो उघडू शकेल.

तिचा बोर्ड धुऊन, वाळवून झाल्यावर मी मीटर तिच्या हातात दिला. पॉवर आणि ग्राउंड शॉर्ट नाहीत ना, हे आधी बघून घेतलं. मग ५० मिलिअँपिअरची मर्यादा लावून पॉवर दिली, काटा जेमतेम हलला. चिमटा सहा ठिपक्यांवर लावून प्रोग्रामरने चिपला ओळख विचारली. पडद्यावर उमटलं: १ई ९५ ०एफ. एटीमेगा३२८पीची सही. तिने तो आकडा डेटाशीटशी दोनदा ताडून पाहिला आणि आईला फोन लावला.